शिडाआडचा हात

अनंतकाका,

तुम्ही गेलात त्याच आठवड्यात मला कळलं की ती शर्यत मी जिंकले नव्हते. कळलं ते तुमच्या येलहंक्याच्या घराच्या फाटकात, चपला घालताना. सांगितलं रेवतीने. तुम्ही नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्याविषयी मी लिहावं असं ठरलं आहे. "तू त्यांच्या होडीतली, तूच लिही," असं सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं. अपेक्षा काय आहे ते मी जाणते. विमान कारखान्यातली तुमची नोकरी, पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरला राहिलेलं मराठी घर, निवृत्तीनंतरचा शिडाच्या होड्यांचा छंद, मनमिळाऊ स्वभाव. ते दुसरं कोणीही लिहू शकेल. मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि भांडायला आता एवढीच जागा उरली आहे.

सांगलीहून मी इथे संशोधनासाठी आले तेव्हा वाऱ्याविषयी मला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. पंखावरून वाहणारी हवा कुठे चिकटून राहते आणि कुठे सुटते, हा माझा विषय. मंडळाच्या गणपतीत कोणीतरी आपली ओळख करून दिली, आणि तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, "वाऱ्यावर संशोधन करतेस, पण वाऱ्यात कधी बसलीयस का, अक्का?" माझ्या दुपटीहून मोठे असून तुम्ही मला अक्का म्हणालात आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिलात. पुढच्या रविवारी तुमच्या स्कूटरच्या मागे बसून मी होसकोट्याच्या बाजूच्या त्या तळ्यावर आले. दोन माणसांची होडी होती. सुकाणू तुम्ही माझ्या हातात दिलंत आणि स्वतः पुढे बसलात. "डोकं तुझं, वजन माझं," असा करार तुम्ही जाहीर केलात.

नियम शिकवलेत ते मात्र तळ्यावर नव्हे, तुमच्या जेवणाच्या टेबलावर, काकूंच्या शंकरपाळ्यांनी. शंकरपाळीला दोन टोकं असतात, त्यामुळे होडी म्हणून ती चालते, असं तुमचं म्हणणं होतं.

"ही वारा उजव्या अंगावर घेऊन येतेय. ही डाव्या अंगावर. समोरासमोर आल्या. बाजूला कोण होणार?"

"डावी."

"सरी, बरोबर. आणि नाही झाली तर?"

"तर ती चुकली."

"मग चुकलेली खाऊन टाक."

आतून काकू ओरडायच्या, "तुमचे नियम संपायच्या आधी माझा डबा संपेल हो!"

मागून येणाऱ्या होडीने पुढच्या होडीपासून दूर राहायचं. वाऱ्याच्या बाजूला असलेल्या होडीने आडोशाच्या होडीला वाट द्यायची. वळण घेणाऱ्या होडीने वळण पुरं होईपर्यंत कोणाच्या मध्ये यायचं नाही. मला हे नियम आवडले, कारण ते एका शुद्ध रचनेसारखे होते. कोणत्याही दोन होड्या घ्या, त्यांच्या स्थितीवरून उत्तर निघतंच. तुम्ही मात्र मला त्यातली एक गंमत दाखवलीत, जी मला एरवी दिसली नसती. वाटेचा हक्क असलेल्या होडीची व्याख्या पुस्तकात कशी आहे? जिच्यापासून दूर राहणं दुसरीवर बंधनकारक आहे, ती. म्हणजे हक्क असा वेगळा, हातात धरता येईल असा, नसतोच. दुसऱ्याने आपलं कर्तव्य पाळलं की त्यालाच माझा हक्क म्हणायचं.

आणि या खेळात शिट्टी वाजवणारा पंच नसतो. जो चुकला त्याने आपणहून होडी गोल फिरवून दंड भरायचा. नाही भरला तर समोरच्याने "प्रोटेस्ट" असं ओरडायचं आणि मग किनाऱ्यावर सुनावणी. पहिल्याच मोसमात एकदा बोयाला वळसा घालताना आपल्या शिडाची कडा त्याला जेमतेम घासली. पाहण्याइतकी जवळ एकही होडी नव्हती.

"गोल फिरव," तुम्ही म्हणालात.

"काका, कोणी पाहिलं नाही."

"मी पाहिलं. मी कोणी नाही का?"

आपण फिरलो, आणि तेवढ्यात मागच्या तिन्ही होड्या पुढे निघून गेल्या. मी चिडून गप्प बसले होते आणि तुम्ही शीळ घालत होतात. त्या दिवसापासून तुमचा शब्द माझ्यासाठी मोजमापाच्या उपकरणासारखा झाला. उपकरण स्वतःहून खोटं सांगेल, ही शक्यता कोणी हिशेबात धरत नाही.

आता ती दोन वर्षांपूर्वीची शर्यत. चेन्नईच्या शिबिरासाठी आपल्या तळ्यावरून एकच होडी जाणार होती. गुणांमध्ये रेवती आणि मी बरोबरीत होतो, आणि शेवटची शर्यत राहिली होती. जी पुढे राहील ती जाणार. रेवतीच्या होडीत क्रू म्हणून तिचा भाऊ होता, माझ्या होडीत तुम्ही. वारा मंद होता, म्हणून तोल साधायला तुम्ही खालच्या अंगाला, शिडाच्या पलीकडे बसला होतात. मला तुमची पाठ आणि अर्धा खांदा दिसत होता. हात दिसत नव्हता.

वारा आपल्या उजव्या अंगावर होता. समोर पिवळा बोया. डाव्या अंगावर वारा घेतलेली रेवती आपल्याला छेदून जाण्याच्या बेताने येत होती, हे मला ठाऊक होतं. पण ती शिडामागे गेली होती आणि तिला बाजूला होणं भाग होतं. तुम्ही म्हणालात, "स्वल्प खाली घे, अक्का." मी होडी किंचित वाऱ्यापासून वळवली. पुढच्याच क्षणी शिडाच्या कडेतून तिच्या होडीचं टोक बाहेर आलं, इतकं जवळ की मी सुकाणू जिवाच्या आकांताने ओढलं. ती आपल्यासमोरून पार गेली.

"प्रोटेस्ट!" मी ओरडले.

रेवतीने मागे वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता. तो गोंधळ म्हणजे पकडली गेल्याची खूण, असं मी गृहीत धरलं. तुम्ही काही बोलला नाहीत. रेवती पहिली आली, आपण तिच्या लगोलग मागे.

सुनावणी पत्र्याच्या शेडमध्ये झाली. टेबलावर लाकडाच्या दोन चिमुकल्या होड्या आणि समोर निकाल देणारे आपले कर्नलसाहेब. मी माझी बाजू मांडली. आकृती काढून, कोन दाखवून. रेवतीने एकच वाक्य सांगितलं, "सर, त्यांच्या क्रूने मला हात केला. जा म्हणून."

हा हात काय असतो हे मंडळाच्या वाचकांना सांगायला हवं. कधीकधी हक्काच्या होडीलाच दुसरीने बाजूला होऊ नये असं वाटतं. कारण बाजूला होताना ती नेमकी आपल्या नाकाखाली वळते, आणि तिच्या शिडावरून फाटून आलेली खराब हवा आपल्याला बोयापर्यंत भोगावी लागते. अशा वेळी हक्काची होडी हाताने खुणावते, जा पुढून. हा हात नियमपुस्तकात नाही. पण पाण्यावरच्या प्रत्येकाला तो कळतो, आणि एकदा केला की मागाहून तक्रार करता येत नाही.

कर्नलसाहेबांनी विचारलं, "अनंत, हात केला होतास?"

तुम्ही आधी माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "नाही. मी दोरीचा गुंता सोडवत होतो."

रेवतीचा भाऊ काही सांगू लागला. कर्नलसाहेबांनी त्याला थांबवलं. "अनंत खोटं बोलायला लागला तर हे दुकान बंदच करू या आपण," ते म्हणाले, आणि लाकडी होड्या उचलून पेटीत टाकल्या. रेवती बाद झाली. मी चेन्नईला गेले.

त्यानंतर जे जे झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. शिबिरातून माझं नाव राज्याच्या संघात गेलं. "हे होड्यांचं खूळ कधी संपणार," असं विचारणाऱ्या माझ्या वडिलांनी सांगलीत शेजाऱ्यांना वर्तमानपत्रातला फोटो दाखवला. प्रयोगशाळेतल्या सभांत मी आवाज चढवून मुद्दा मांडू लागले. नव्या मुलींना मी ती गोष्ट कितीदा सांगितली असेल! आपलं बरोबर असेल तर भर पाण्यात ओरडायला कचरू नये, असं तिचं तात्पर्य मी सांगत असे. तुम्ही शेजारी उभे राहून ऐकत होतात, काका.

आणि परवा तुमच्या फाटकात रेवती म्हणाली, "इतके महिने मला वाटायचं, आज तरी तू काहीतरी बोलशील." आमचं बोलणं नेहमीसारखं अर्धं इंग्रजी, अर्धं कन्नड चाललं होतं.

"कशाबद्दल?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. "अनंतसरांनी तुला सांगितलं नाही?"

मग तिने सांगितलं. थंडीत तुम्ही तिच्या घरी गेला होतात. तिच्या आईने कॉफी आणली. "आधी ऐका, मग प्यावीशी वाटली तर पितो," असं तुम्ही म्हणालात. हात केला होता, आणि नाही असं सांगितलं होतं, हे तुम्ही तिच्यासमोर, तिच्या आईसमोर, भावासमोर कबूल केलंत. "तिला यातलं काही माहीत नाही. तिला मी सांगतो. मीच सांगायला हवं," असंही म्हणालात.

"म्हणून मी थांबले," रेवती म्हणाली. "तळ्यावर तू दिसलीस की बघायचे तुझ्याकडे. मग वाटलं, हिला कळलंय आणि तरी ही गप्प आहे. मग बघणं सोडून दिलं."

मला कळलेलं नाही, हे मी तिला सांगितलं. तिने मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, मला समजलं नाही. तिने का ठेवावा? एकदा शपथेवर सांगावं तसं सांगणाऱ्या माणसाने तिला फसवलं होतं, आणि मी त्याच माणसाच्या होडीतली.

मी चपला काढून परत आत गेले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं असावं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिवसापासून," काकू म्हणाल्या. "घरी आले ते ताटावर बसलेच नाहीत. तू ओरडलीस तेव्हाच सांगायला हवं होतं म्हणाले, पण तू एवढ्या खात्रीने ओरडलीस की तोंडातून शब्द फुटेना. आणि मग सगळ्यांच्या देखत विचारलं."

"पण नंतर? दोन वर्षं?"

"घाबरायचे गं ते तुला." काकूंनी पदराने डोळे पुसले, आणि मग, खरं सांगते काका, त्या थोडं हसल्या. "कारखान्यात मोठ्या साहेबांशी भांडून आलेला माणूस. दर रविवारी स्कूटरला किक मारताना म्हणायचे, आज सांगून टाकतो. संध्याकाळी मी विचारायची नाही. तोंड बघूनच कळायचं."

मी त्यांच्यावरही रागावले होते. पण त्यांच्या घरात अजून दिवा तेवत होता, म्हणून गप्प बसले. तुमच्यावर रागावायला तशी काही अडचण नाही.

मी त्या क्षणाचं गणित पुन्हा मांडलं आहे. तुमचा हात बरोबर होता. रेवती आपल्या नाकाखाली वळली असती तर आपण बोयापर्यंत तिच्या फाटक्या हवेत रखडलो असतो, हे मी, या विषयावर प्रबंध लिहिणारी, नाकारू शकत नाही. म्हणजे तुम्ही योग्य निर्णय घेतलात आणि तो मला सांगितला नाहीत. "सोडतोय त्यांना," एवढंच म्हणायचं होतं. मी वाद घातला असता, मग मानलं असतं. त्यानंतरही शर्यत उरली होती, आणि शेवटपर्यंत मी रेवतीला गाठू शकले नाही, यात तुमचा काही दोष नव्हता. मी हरले होते. ते हरणं माझं होतं, काका. मी ते घेऊन पुढच्या मोसमात परत आले असते. तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेतलंत आणि त्या जागी दुसऱ्याची वस्तू ठेवलीत.

आणखी एक. "स्वल्प खाली घे" हे तुम्ही रेवतीचं टोक दिसण्याआधी म्हणाला होतात. म्हणजे ती पार जाणार हे तुम्हाला ठाऊक होतं. कारण आधी आणि परिणाम नंतर, एवढा क्रम लावणं हेच ज्या मुलीचं काम, तिला दोन वर्षं हे दिसलं नाही. कारण सांगणारे तुम्ही होतात.

होसकोट्याच्या रस्त्यावर लॉरीमागे अडकलो की तुम्ही त्या चालकाच्या हाताची वाट पाहायचात. खिडकीतून हात बाहेर यायचा, दोनदा हलायचा, आणि तुम्ही पुढचं काहीही दिसत नसताना स्कूटर बाहेर काढायचात. मी पाठीमागे डोळे मिटून घ्यायचे. "अक्का, त्याला पुढचं दिसतंय, आपल्याला नाही," तुम्ही म्हणायचात. "ओळखदेख नाही, पण तो हात खोटं सांगणार नाही. या देशातले रस्ते त्यावरच चाललेत." रेवतीही एका हातावर विसंबूनच पुढे आली होती.

माझा राग नेमका कशावर आहे हे मी तपासून पाहिलं. खोटं बोललात त्यावर आहेच, पण ते मी समजू शकते. सुनावणीत अचानक प्रश्न आला, घाबरलात, बोलून गेलात. समजत नाही ते पुढचं. तुम्ही रेवतीकडे जाऊ शकलात. तिच्या आईसमोर बसून सांगू शकलात. तिला सत्य झेपेल असं तुम्हाला वाटलं. माझ्याबाबतीत वाटलं नाही. मी होडी सोडून देईन, की ओरडेन, की तुमच्याशी बोलणं टाकेन? यांपैकी काहीही झालं असतं तरी ते मला ठरवायचं होतं.

सत्त्याण्णवचं नवं नियमपुस्तक आलं तेव्हाचा आपला वाद अर्धाच राहिला. टक्कर टाळणं शक्य असेल तर हक्काच्या होडीनेही ती टाळलीच पाहिजे, यावर तुम्ही खूश होतात. मी म्हणाले होते, "मग हक्काला अर्थ काय राहिला?" तुम्ही म्हणालात, "एवढाच, की तुला आधी हलावं लागत नाही." मग थोडं थांबून, "अक्का, तुझ्याशी एक बोलायचं होतं," म्हणालात. मी पुस्तकातून मान वर केली. तुम्ही म्हणालात, "चहा घेऊ या." आज कळतं की काकू म्हणाल्या त्यांपैकी तो एक रविवार होता.

कृतज्ञता नाही असं नाही. ती आहे, आणि तीच अडचण आहे. वारा पाण्यावर उतरायच्या आधी तळ्याचा रंग बदलतो, हे मला तुम्ही दाखवलंत. कुठल्याही आलेखात ते नव्हतं. प्रबंधाचं एक प्रकरण त्या निरीक्षणातून निघालं. वसतिगृहात तापाने पडले होते तेव्हा काकूंचा मऊ भात घेऊन तुम्ही शहर ओलांडून आलात आणि फाटकावरच्या रखवालदाराशी कन्नडमधून हुज्जत घालून डबा वर पोचवलात. हे सारं खरं आहे. पण आता यातली प्रत्येक आठवण उचलून मला पाहावं लागतं, हिच्या पलीकडच्या अंगाला तुमचा हात काय करत होता?

काल मी कर्नलसाहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "सुनावणी पुन्हा उघडता येणार नाही. मुदत केव्हाच संपली."

"सुनावणी नको. मला त्या शर्यतीतून निवृत्त व्हायचं आहे."

"दोन वर्षांनी?"

"पुस्तकात मला मुदत सापडली नाही, सर."

त्यांनी पुस्तक उघडलं, चष्मा लावला, पानं उलटली. "नाही सापडणार," ते म्हणाले. "असं कोणी करेल हे लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नसणार." मग पुस्तक मिटून, "रेवती बाद ती बादच राहील. तिला काही मिळत नाही यातून."

"ठाऊक आहे. मला मिळालेलं तरी राहणार नाही."

"आणि अनंतचं नाव? रविवारी शोकसभा आहे. ती होऊन जाऊ दे. लोक विचारतील, मुली."

"निवृत्त होते ती होडी, सर. तिच्यात बसलेले दोघंही."

त्यांनी मान्य केलं. रेवतीला मी फोन केला. ती "बरं" म्हणाली. मग थोड्या वेळाने, तुमच्यासारखंच, "सरी." त्यापुढे काही नाही. त्यापुढचं मागायचा मला अधिकार नाही.

तर काका, ती शर्यत आता आपली नाही. रविवारी लोक विचारतील आणि मी कारण सांगणार आहे, तुमच्या तसबिरीसमोर, काकू पहिल्या रांगेत बसलेल्या असताना. काकूंना मी तसं कळवलं आहे. तुम्हाला विचारलेलं नाही. तुमच्या नावाचा निर्णय तुम्हाला न विचारता घेतला. हे मनाला कसं लागतं ते तुम्हाला एकदा कळावं, अशी माझी फार इच्छा होती. पण कळतंय ते मला, न विचारता ठरवणाऱ्याच्या जागी बसून. आणि ते सांगायला समोर शिडाच्या पलीकडे कोणी बसलेलं नाही.